बिनखिशाचा फ्रॉक

बैरूतमधल्या आमच्या पॅलेस्टिनी छावणीत अरुंद गल्ल्यांवर विजेच्या तारा आणि पाण्याचे पाइप एकमेकांत गुंतलेले असतात. गेल्या हिवाळ्यात शॉक लागून एक मुलगा गेला. तेव्हापासून मी शिकवतो ती मुलं माझ्याबरोबर शाळेत येताना हात खिशात घालून चालतात. कालच सीरियातून आलेल्या जुमानाच्या फ्रॉकला खिसाच नव्हता. गळक्या पाइपाखाली लोंबणारी ओली तार बाजूला सारायला तिने हात उचलला. ओरडलो असतो, तर दचकून तिने तीच धरली असती. “जुमाना, नखं दाखव बघू. हात इकडे कर,” मी रोजच्या आवाजात म्हणालो. ती वळली. “परवाच कापलीत, उस्ताज.” “मग त्यांत कोळसा कुणी भरला?” मागून एकीने चिडवलं. तिचा पुढे आलेला हात मी शाळेपर्यंत सोडला नाही. वर्गात माझ्या कोटाचा खिसा उसवून तिच्या फ्रॉकला शिवला. “यात काय ठेवू?” “हात,” अख्खा वर्ग म्हणाला.