विसरभोळ्याचं औषध

मॉनिटर किंचाळला तशी सून स्टुलावरून उठली, बसली, पुन्हा उठली. सिस्टरने मात्र घाई केली नाही. काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून तिने हात आत घातला आणि बोटाएवढ्या तळपायावर टिचकी मारली. बाळाने अंग झटकलं, छाती वर आली आणि पडद्यावरचा आकडा पुन्हा चढू लागला. "परत विसरले साहेब," सिस्टर म्हणाली.

दहा आठवडे आधी जन्मलेल्या या पाच दिवसांच्या मुलाला वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर विसरभोळा म्हणत. तो श्वास घ्यायला विसरायचा. बाकी तब्येत उत्तम आहे, असं डॉक्टर सांगत. श्वासच विसरणाऱ्याची बाकी तब्येत घेऊन करायचं काय, हे त्यांना विचारायची सुनेची हिंमत झाली नव्हती. सकाळपासूनची ही चौथी वेळ.

पेटीच्या पलीकडे सासू उभी होती. दोघींना भेटीच्या अर्ध्या तासापुरतं आत सोडलं होतं, आणि दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. कारण पहिल्याच दिवशी, बाहेरच्या बाकावर, सासू बोलू नये ते बोलून गेली होती. तुझ्या कॉफीनेच माझ्या नातवाला वेळेआधी बाहेर काढलं, असं.

सून घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची, आणि ते काम कॉफीशिवाय तिला जमायचं नाही. दिवस गेल्यावर तिने चार कपांचे दोन केले. दोनाचा एक काही होईना. सासूने डबा लपवला, हिने नवा आणला. तेव्हा तो घरातला विनोद होता. आता तिला त्यातला एकेक घोट आठवत होता, आणि गुडघा एकसारखा हलत होता. हाताने दाबून धरला की दुसरा सुरू व्हायचा.

सिस्टर एवढीशी सिरिंज घेऊन आली. डॉक्टरांनी आजपासून औषध लिहून दिलं होतं, नाकातल्या नळीतून द्यायचं. कसलं औषध, हे सुनेने विचारलं. तसं विशेष कारण नव्हतं, सिरिंजवरच्या चिठ्ठीतलं बारीक नाव तिला लागलं नव्हतं आणि छापलेलं दिसलं की वाचायचंच ही तिची सवय.

"कॅफीन," सिस्टर म्हणाली. "आपल्या कॉफीत असतं ना, तेच."

सुनेने तिचं मनगट धरलं. सिस्टर आधी हसली. मग पकड जाणवली तशी हसायची थांबली.

"ते नका देऊ त्याला," सून म्हणाली. "सात महिने मीच पाजलंय. त्यानेच तर हे सगळं झालं."

सिस्टरने समजावून सांगितलं. पोटात असताना बाळाला श्वास घ्यायचं काम नसतं. इतक्या लवकर आलेल्याच्या मेंदूला ते अजून अंगवळणी पडलेलं नसतं. कॅफीन त्या मेंदूला हलवून जागं ठेवतं. गेली कित्येक वर्षं अशा मुलांना हेच देत आलेत. पोटातलं पाणी वेळेआधी का गेलं, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. पोटुशीने कॉफी बेताने घ्यावी हे खरं, पण दोन कप म्हणजे बेतानेच झालं की. सून ऐकत होती, मान डोलवत होती आणि मनगट सोडत नव्हती. डोक्याला पटलेलं हातापर्यंत पोचत नव्हतं.

"ताई, मग मला डॉक्टरांना बोलवावं लागेल," सिस्टर म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. तिला आणखी सहा पेट्या बघायच्या होत्या.

तेवढ्यात मॉनिटर पुन्हा किंचाळला. सिस्टरच्या एका हातात सिरिंज, दुसरा सुनेच्या मुठीत. आकडा भराभर खाली येत होता.

पाच दिवस नातवाला हात लावायला घाबरणाऱ्या सासूने खिडकी उघडली आणि टिचकी मारली. काही झालं नाही. तिने दुसरी मारली, जरा जोरात. बाळ दचकलं, तोंड वाकडं करून त्याने श्वास घेतला.

"सोड तिचा हात," सासू म्हणाली. "तुझ्या कॉफीने काही झालेलं नाही."

"तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. चुकलं माझं."

मग ती बोलायला लागली, सुनेकडे न बघता, डोळे त्या छातीवर ठेवून. तिचाही पहिला असाच सातव्यात झाला होता. दीड दिवस होता. घरात तेव्हा कॉफीचा थेंब नव्हता, कॉफी कशी लागते हेही तिला ठाऊक नव्हतं. सुनेला हे नवीन होतं. आपला नवरा घरातला थोरला, असंच ती इतके दिवस समजत होती.

सुनेची मूठ सैल झाली. सिस्टरने नळीत औषध सोडलं, सावकाश, थेंबाथेंबाने. सुनेला आता उभं राहवेना आणि बसवेना. ती पेटीला वळसा घालून सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तुम्हाला घरचे काय म्हणाले होते तेव्हा, आई?" तिने विचारलं.

"माझ्या सासूबाई ना? सारखा जिना चढत-उतरत होतीस, म्हणून गेला, म्हणाल्या." सासूने पदराने नाक पुसलं. पस्तीस वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. "तिसऱ्या मजल्यावर राहत होतो गं आम्ही. उडत जाणार होते का मी?"