माळकऱ्याच्या घरची व्हिस्की

आबासाहेबांनी अंडं फोडलं आणि तोंड फिरवलं.

"आबा, तोंड फिरवून पांढरं कसं येगळं करणार?" शिवपुत्र म्हणाला. "हितं बघा. ह्या टरफलातनं त्या टरफलात. पिवळं धरून ठेवायचं, पांढरं खाली सोडायचं."

शिवपुत्र शेजारीच राहायचा आणि स्टेशनजवळच्या परमिट रूममध्ये वेटर होता. व्हिस्कीची बाटली त्यानेच टॉवेलात गुंडाळून आणली होती. सगळी खटपट घरामागच्या नळापाशी चालली होती, कारण यशोदाबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं, "माज्या चुलीजवळ न्हाय." आबासाहेबांच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या घरात दारूचं किंवा अंड्याचं नावसुद्धा कोणी काढत नसे.

पण आज त्यांच्या गोदावरीला आपल्या मुलासाठी बघायला माढ्याचे रावजी येणार होते. रावजींनी सगळी नोकरी सोलापुरात, साहेब लोकांच्या क्लबात काढलेली. तिथली लिंबू, साखर आणि अंडं घालून केलेली व्हिस्की म्हणे फार नावाजलेली. अशा माणसापुढे नुसता चहा ठेवायची आबासाहेबांची छाती होईना. मागच्या स्थळाने चहाच्या कपाला हातही न लावता 'कळवतो' म्हटलं होतं. न शिवलेल्या कपाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. गोदावरी त्या दिवशी जेवली नव्हती, आणि तिचा उतरलेला चेहरा बापाला सोसत नव्हता. हेही स्थळ हातचं गेलं तर पोर मनानं खचेल, ही एकच धास्ती. त्यापुढे एक अंडं म्हणजे काय मोठंसं, असं ते सकाळपासून स्वतःला समजावत होते. मनाला पटत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

"आता बरणीत व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक आन् वरनं हे पांढरं," शिवपुत्र म्हणाला. "झाकण घट्ट लावा आन् हलवा. आदी बर्फाबिगर. फेस आला की बर्फ टाकून परत हलवायचं."

आयुष्यभर माग चालवलेले हात, पण ती एवढीशी बरणी त्यांना आवरेना. कपाळावरून घाम ओघळला. फेस मात्र आला, दुधावरच्या सायीसारखा दाट.

रावजी बायकोला, रंभाबाईंना, आणि मुलाला घेऊन आले. ऐन उन्हाळ्यात त्यांनी बंद गळ्याचा कोट घातला होता, सगळ्या गुंड्या लावून. क्लबातली शिस्त, आबासाहेबांनी मनात कौतुक केलं. रावजींनी गोदावरीला शिक्षण विचारलं, शिवण येतं का विचारलं. तिने न घाबरता उत्तरं दिली. मुलगा खाली मान घालून हसत होता. तो हसतोय म्हणून यशोदाबाईंचा जीव थोडा भांड्यात पडला.

मग आबासाहेबांनी ग्लास आणून रावजींपुढे ठेवला.

रावजी फेसाकडे बघत राहिले. मग त्यांनी आबासाहेबांच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं.

"हे तुमी सोता केलंत?"

"व्हय. तुमच्या क्लबातल्यावानी कुटलं जमायला. पर गोड मानून घ्या."

रंभाबाई काहीतरी बोलायला गेल्या. रावजींनी हातानेच त्यांना थांबवलं, डोळे मिटले आणि ग्लास एका दमात रिकामा केला. दर्दी माणूस, आबासाहेबांना वाटलं.

"फेस झ्याक धरलाय," रुमालाने ओठ पुसत रावजी म्हणाले. "आन् पोरगी आमाला पसंत हाय."

आतल्या खोलीत यशोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गोदावरी किती दिवसांनी मनापासून हसली. आबासाहेबांना इतकं हलकं वाटत होतं, की पाहुण्यांना एसटीत बसवून येईपर्यंत त्यांनी शिवपुत्राचे तीनदा तरी आभार मानले असतील.

परतीच्या एसटीत मोहोळ गाव मागे पडलं. तशा रंभाबाई न राहवून नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्याबी गळ्यात माळ हाय की. नगं म्हनायला काय झालं व्हतं?"

"माळकऱ्यानं पोरीसाटी अंडं फोडलं गं. मी नगं म्हनलो असतो, तर त्येला वाटलं असतं पोरगीच नगं."

रावजींनी कोटाच्या वरच्या गुंड्या सोडल्या आणि आतली माळ सारखी केली.

"जलमभर साहेबास्नी करून पाजली," ते म्हणाले. "कशी लागती, ते आज कळलं."