पाच भोकांचं माप

चाक बसेना.

गॅरेजवाल्या सख्यानं ते दोन्ही हातांनी उचलून जीपला टेकवलं, वरच्या बोल्टावर वरचं भोक घातलं आणि खाली वाकून बघितलं. खालचे दोन बोल्ट भोकांपासून चांगले बोटभर वर राहिले होते. त्यानं चाक फिरवलं, दुसरं भोक लावून पाहिलं. तेच. मग चाक जमिनीवर आडवं टाकून तो कपाळ पुसत उभा राहिला.

"विठूकाका, ही चाकं या गाडीची नायत."

"असं कसं? पाच बोल्ट, पाच भोकं. मोजून आणलीत."

विठूचा जन्म भातशेतीत गेला. पाच म्हणजे पाच, त्यात आणखी काय असतं? कासूहून थेट कळंबोलीच्या जुन्या बाजारात जाऊन त्यानं ही चार चाकं शोधली आणि टेम्पोत घालून आणली. गिरजाबाईनं सकाळीच चारही चाकांना हळदकुंकू लावलं होतं. नारळ तेवढा फोडायचा राहिला होता.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो त्यांचा मुलगा केरू ओटीवर गुडघे जवळ घेऊन बसला होता. आठ महिने तो तिथंच बसला होता. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. गणपतीच्या आधी नागोठण्याहून येताना त्याच्या जीपचं पुढचं चाक निखळलं आणि गाडी उलटली. गाडीत शेजारची इंदुबाई एकटी होती. ती जागेवरच गेली. केरूला कोणी बोल लावला नाही, इंदुबाईच्या नवऱ्यानंसुद्धा नाही. तिथंच घात झाला, असं गिरजाबाई म्हणायची. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर पोरगा निदान रडला तरी असता.

आता सोमवारपर्यंत गाडी सवारी जीपच्या पेणच्या लाईनीला लागली नाही, तर केरूचा नंबर दुसऱ्या जीपवाल्याला, पुंडलिकला, जाणार होता. पण विठूला नंबराचं एवढं नव्हतं. पोरगा एकदा स्टेरिंगवर बसला की माणसांत येईल, हे त्यानं मनाशी घट्ट धरलं होतं. धरायला दुसरं काही नव्हतंच.

"माप कशानं घेतलंत, काका?" सख्यानं विचारलं.

"दोऱ्यानं."

सख्या हसणार होता, पण विठूचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं. विठूचं तरी काय चुकलं? गिरजाबाईच्या चपला तीस वर्षं तो पेणच्या बाजारातून अशाच आणत होता. पावलाचं माप दोऱ्यावर घ्यायचं, गाठ मारायची, दोरा खिशात टाकायचा. एकदासुद्धा चप्पल चावली नव्हती. जुनी चाकं भंगारवाल्याला देण्याआधी त्यानं तसाच दोरा धरला होता. ती चाकं दारात नकोत म्हणून गिरजाबाई हटूनच बसली होती.

"चार भोकं असली ना काका, की समोरासमोर मोजता येतं," सख्या म्हणाला. "पाचात बरोबर समोर भोक नसतंच. मधलं एक सोडून पलीकडच्याचं माप घ्यायचं. तेपण मध्यापासून मध्यापर्यंत. तुम्ही कुठून धरलात?"

"या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाहेरून."

"आणि कळंबोलीवाल्यानं?"

विठूनं आठवून बघितलं. "त्यानं भोकांच्या मधोमध धरला. म्हणाला, एकदम बरोबर."

"झालं तर मग. मोठ्या गाडीची चाकं दिली त्यानं."

विठू खाली बसला. पण क्षणभरच. लगेच धोतर झटकून उठला.

"उद्या जातो. बदलून आणतो. सख्या, तू नीट माप सांग. अजून दोन दिवस हायत."

"साडेपाच इंच," ओटीवरून आवाज आला.

गिरजाबाई चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तशीच थांबली. विठूचा चेहरा उजळला. आठ महिन्यांत पोरगा आपण होऊन पहिल्यांदा बोलला होता.

"बघ गो, बोलला! अरे लबाडा, तुला ठाऊक होतं, मग तेव्हाच सांगायचं नाय? तुझ्यासमोर तर दोरा धरला मी."

"बघितलं मी."

"मी चुकतोय ते?"

"व्हय."

"मग गप का राहिलास?"

केरू जीपकडे बघत होता. "त्या दिवशीचे नट मीच आवळले होते, बाबा."

सख्या घाईघाईनं म्हणाला, "अरे, या वेळी मी आवळतो ना! तू हातसुद्धा लावू नको. तू नुसती चालव."

"आणि बसंल कोण त्यात?"

विठूनं सख्याकडे पाहिलं. सख्यानं पाना उचलला, पुसला आणि पिशवीत टाकला. गिरजाबाईनं हातातले कप खाली ठेवले, पदर खोचला आणि ओटीवर केरूच्या समोर येऊन उभी राहिली.

"मी बसते," ती म्हणाली. "सोमवारी पहिली मी बसते. तू चालवतोयस ना, मग मला कसली भीती?"

केरूनं मान वर करून आईकडे पाहिलं.

"चाक वाजतंय म्हणून त्या दिवशी सगळी माणसं उतरली, आये," तो म्हणाला. "इंदुकाकी तेवढी हेच बोलून बसून राहिली."