मेगरचं हँडल

बंद पडलेल्या गिरणीमागे जुना ट्रान्सफॉर्मर होता. त्याची लाइन केव्हाच तोडलेली होती. भर दुपारी बाप-लेक त्याचं इन्सुलेशन तपासत होते. बाबा जुन्या बाजारातून आणलेल्या मेगरचं हँडल फिरवत होते. ते फिरलं की तारांमधून हजार व्होल्ट जायचे. लेक आकडे लिहून घेत होती.

शेवटचा आकडा झाला आणि बाबांनी हँडल सोडलं. ते थांबलं. मग सावकाश उलटं फिरू लागलं.

"बाबा, हे काय?"

"जुनं यंत्र आहे गं, चाळे करतं."

बाबांनी घाईघाईने मेगरच्या तारांचे ट्रान्सफॉर्मरला लावलेले दोन्ही चिमटे काढून हातात घेतले. हँडल लगेच थांबलं. लेकीच्या जिवात जीव आला.

"चल, आवरू," बाबा म्हणाले.

तेवढ्यात हँडल पुन्हा फिरू लागलं, या वेळी सुलटं आणि जोरात. लेकीने धावत जाऊन ते दोन्ही हातांनी धरलं. ते थांबेना. तिचेच हात गरागरा फिरू लागले.

"बाबा, टाका ते चिमटे!"

"टाकतोय गं," बाबा म्हणाले. त्यांच्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. "मघापासून टाकतोय."