दुधाचे सुळे

बाबांच्या आठ महिन्यांच्या कुत्र्याच्या, बादशाच्या तोंडाला फार वास येत होता. बाबांनी त्याचा जबडा उघडून धरला आणि मी मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं. दुधाचे सुळे पडलेच नव्हते. शेजारी नवे उगवले होते आणि मधल्या फटीत भाकरीचे कण कुजत होते.

"माह्या तोंडात तं तू कधी इतकं डोकावली नाही," बाबा हसले. "उद्या नेऊ त्याले मोताळ्याच्या डॉक्टरकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर मी सासरी निघाले, तेव्हा धाकट्या भावानं, जीवननं, बादशाला दोरी बांधली.

"याची किडनी गेली वाटते, ताई. काय वास मारून राह्यला! दूर कुठंतरी सोडून येतो."

"किडनी नाही, दात आहेत. उपटले की वास जाईल."

"पण सांभाळीन कोण त्याले? जाऊ दे. तू रिकाम्या हातानं जाऊ नको. साडी घे."

लग्न झाल्यापासून या घरात काही घे म्हटलं, की मी नकोच म्हणत आले होते. मी त्याच्या हातातून दोरी घेतली.

"जीवन, बाबांचं मले हे पाहिजे."