अंगठीवाली

"साहेब, माझा पंजा पडला रुंद. तुम्हीच हात घाला," मिस्त्रीण म्हणाली. "स्प्रिंगांच्या मागं काहीतरी खडखडतंय."

वकिलांनी बाह्या सरसावल्या आणि वडिलांच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटमध्ये कोपरापर्यंत हात घातला. आधी कंगवा निघाला, मग एक गोटी, मग गंजलेली शिट्टी. "अरे, ही माझी!" म्हणत ते लहान मुलासारखे हसले. पुन्हा हात बाहेर आला तेव्हा मात्र हसू थांबलं. तळव्यावर अंगठी होती. लाल खडा, दोन्ही बाजूंना पानं.

हे वर्णन त्या गल्लीत पोरासोरांनाही पाठ होतं. वकिलांच्या आईची अंगठी नाहीशी झाली तेव्हा स्वयंपाकाला येणाऱ्या बाईवर आळ आला. झडती झाली, काम गेलं आणि नाव पडलं अंगठीवाली. तिच्या मुलीला शाळेत अंगठीवालीची पोर म्हणायचे. पुढे त्या मुलीनं गॅरेज काढलं. असल्या जुन्या गाड्या तिच्याशिवाय कुणाला जमेनात, तेव्हा लोक तिला मिस्त्रीण म्हणू लागले. तोंडावर. पाठीमागं जुनंच चालू होतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," वकील पुटपुटले. त्यांची मान वर होईना. "आता आईला काय सांगू?"

"सांगू नका, इथं घेऊन या." मिस्त्रिणीनं हाताचं ग्रीस पुसलं. "गाडी तयार झाली की तुमच्या फाटकाबाहेर, चार लोकांसमोर, त्यांनी माझ्या आईची माफी मागायची. आणि पहिली चक्कर माझ्या आईची, मागच्या सीटवर. नाहीतर गाडी सडली तरी मी पाना उचलणार नाही."

"अगं, आईचं वय झालंय."

"माझ्या आईचंही झालं. चोर म्हणवून घेत झालं."

वकिलांच्या आई, मोठ्या बाई, दुसऱ्याच दिवशी आल्या, त्या नाक मुरडतच. अंगठी बघितली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही माझी नाही."

"कशावरून, बाई?" मिस्त्रिणीनं विचारलं.

"मला माझी वस्तू कळत नाही होय?"

"आई, खडा तोच, पानं तीच, सापडली ती आपल्याच गाडीत," वकील वैतागले. "मग तुझी कुठं आहे?"

मोठ्या बाईंनी अंगठी दूर सारली. "असेल," त्या शेवटी म्हणाल्या. "असेल माझीच."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बोटात घालायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

घरी मिस्त्रिणीची आई यायलाच तयार होईना. "जाऊ दे गं, कशाला जुनं उकरतेस?" अंगठीचा विषय निघाला की ती नेहमी एवढंच म्हणायची आणि कूस बदलायची. मुलीनं तिला जवळजवळ उचलूनच नेलं.

गाडी अशी चमकत होती की बघे तिच्यात भांग नीट करून घेत होते. अख्खी गल्ली जमली होती. मोठ्या बाई काठी टेकत फाटकाबाहेर आल्या.

"चूक माझी झाली. तू चोर नव्हतीस."

"जरा मोठ्यानं बोला," अंगठीवाली म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

तिचे कान असे की शेजारच्या घरातली कुजबुजही निसटायची नाही. पण मोठ्या बाईंना ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, पार टोकाच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं. मग वकिलांनी स्वतः दार उघडलं, म्हातारी मागच्या सीटवर ऐसपैस बसली आणि गाडी निघाली. मिस्त्रिणीला रडू आलं, तिनं ते येऊ दिलं. गर्दी गाडीमागं गेली. फाटकाशी दोघीच उरल्या.

"कुणाकडून घडवून घेतलीस?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

"लांबच्या सोनाराकडून."

"खरी मी माझ्या भावाला दिली होती. तो अडचणीत होता. ह्यांना सांगायची छाती झाली नाही, म्हणून तुझ्या आईचं नाव घेतलं." त्यांनी मिस्त्रिणीकडे निरखून बघितलं. "पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुला कसं कळलं?"

मिस्त्रिणीनं गाडी गेली त्या दिशेला बघितलं.

"नव्हतं कळलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आईनंच घेतली."