सव्वीस ठिपके

भिंतीला बाहेरून लावलेली संवेदक चकती सभागृहातल्या प्रत्येक हृदयाचा ठोका पडद्यावर दाखवत होती. एकोणतीस ठिपके. भजनी मंडळातल्या ओलीस धरलेल्या सव्वीस बायका, तीन अतिरेकी. पण कुठले तीन? सगळेच ठिपके भेदरल्यासारखे धावत होते.

"साहेब, आत तुमच्या आई आहेत ना?" पडद्यासमोरच्या यास्मिनने हळूच विचारलं.

"मंडळ तिचंच," कमांडोंचे प्रमुख धुमाळ म्हणाले. "भजनाआधी सगळ्यांना एकत्र श्वास घ्यायला लावते. चुकलं की चिमटा काढते. मीही खाल्लेत."

एवढ्यात एक ठिपका संथ झाला. मग शेजारचा. बघता बघता सव्वीस ठिपके एकाच लयीत उजळू लागले, जणू आत एकच अवाढव्य हृदय होतं. तीन मात्र धावतच राहिले.

धुमाळ थक्क होऊन पाहत राहिले. त्यांचा श्वासही नकळत त्याच लयीत चालला होता.

"हे तिघं," ते म्हणाले. "चला."